पाठीला मोठी दुखापत झाल्यावर पुन्हा कामाला लागताना

(शेतकरी बांधवांसाठीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



बैलाला खांदेसूज आली तर आपण काय करतो? सूज उतरेपर्यंत त्याच्या मानेवर जू ठेवत नाही. सूज उतरली तरी पहिल्याच दिवशी त्याला नांगराला धरत नाही. आधी मोकळा फिरवतो, मग रिकामी गाडी, मग कुळव, आणि मान पुरती घट्ट झाली की मग नांगर. हे कुणाला शिकवावे लागत नाही. पण तीच वेळ स्वतःच्या पाठीवर आली की आपले हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! एक तर माणूस दुखायचे थांबल्याबरोबर गोणीला हात घालतो, नाही तर भीतीने वर्ष वर्ष खाट सोडत नाही. आज मला बोलायचे आहे ते या दोन चुकांबद्दल आणि त्यांच्या मधल्या वाटेबद्दल.

मी व्यायामोपचाराचे काम करतो, म्हणजे तुम्ही ज्याला फिजिओथेरपिस्ट म्हणता तो. माझ्याकडे आलेल्या एका शेतकऱ्याची हकिकत आधी सांगतो. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक. मार्चअखेर कडब्याच्या गंजीवरून पेंढ्या खाली टाकताना पाय घसरला आणि हे गृहस्थ बुडावर आदळले. फोटो काढला. छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात तिथला एक मणका पुढच्या अंगाने चेपला होता. उंचावरून बुडावर पडले की बहुधा हाच भाग सापडतो. नशीब असे की मज्जारज्जूला धक्का नव्हता, ऑपरेशनची गरज नव्हती. डॉक्टरांनी पट्टा दिला, थोडे थोडे चालायला सांगितले आणि तीन महिने ओझे उचलायचे नाही असे बजावले. दहा आठवड्यांत दुखणे थांबले. तेवढ्यात मृगाचा पाऊस झाला, वापसा आला, आणि खताची ट्रॉली दारात उभी राहिली. गडी अजून आलेला नव्हता. ह्यांनी पट्टा खुंटीला अडकवला, ट्रॉलीच्या कडेची एक गोणी पोटाशी न घेता लांबूनच ओढली आणि तशीच कमरेत वळून खाली ठेवायला गेले. गोणी हातातून सुटली आणि डाव्या पायात पार पंजापर्यंत वीज गेल्यासारखी कळ आली. मणका बरा होता, पण त्याच्या खालची गादी सरकून नस दबली. त्या खरिपाची पेरणी भावकीने करून दिली. हे बांधापर्यंतसुद्धा जाऊ शकत नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, दुखायचे थांबले होते ना? मग झाले कसे?

इथेच सगळी गोम आहे. मांडवाचा मधला खांब नुसता जमिनीत रोवला म्हणून उभा राहत नाही, चारी बाजूंनी दोर ताणलेले असतात म्हणून उभा राहतो. आपला कणा तसाच आहे. मणके एकावर एक रचलेले, दोन मणक्यांच्या मध्ये रबरासारखी गादी, आणि या साऱ्याला पोटाचे, पाठीचे नि बुडाचे स्नायू दोरासारखे ताणून धरतात. दुखापतीनंतर मणक्यालगतचे बारीक स्नायू फार लवकर आळशी होतात, वाळतात. ऑस्ट्रेलियात १९९६ साली झालेल्या एका पाहणीत असे दिसले की, पहिल्यांदाच पाठ धरलेल्या माणसांचे दुखणे काही आठवड्यांत गेले, पण हे स्नायू आपले आपण पूर्ववत झाले नाहीत. ज्यांना मुद्दाम व्यायाम दिला त्यांचेच भरून आले. म्हणजे खांब सरळ दिसतो, पण दोर ढिले असतात. हाडाचे काम साधारण तीन महिन्यांत होते. गादीला रक्ताचा पुरवठा फार थोडा, म्हणून तिला त्याहून वेळ लागतो. आणि स्नायूला तर आपणच परत कामाला लावावे लागते.

दुसरी गोष्ट ओझ्याची. पहारेने दगड उचकटताना हात जितका लांब, तितका जोर जास्त पडतो, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पाठीत नेमके उलटे होते. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम दोन बोटे-तीन बोटे अंतरावर आहेत, आणि ओझे असते हातभर पुढे. म्हणजे लांबची टोकाची बाजू ओझ्याकडे आणि आखूड बाजू पाठीकडे. वीस किलोची पाटी हात लांब करून, वाकून उचलली तर पाठीच्या स्नायूंना तिच्या आठ-दहा पट ओढ द्यावी लागते, आणि ती सगळी दाबाच्या रूपाने गादीवर येते. स्वीडनमध्ये १९६० नंतरच्या दशकात नाकेमसन नावाच्या डॉक्टरांनी माणसांच्या गादीत बारीक सुई घालून हा दाब प्रत्यक्ष मोजला होता. उताणे पडल्यावर तो सर्वांत कमी, उभे राहिल्यावर वाढतो, आणि पुढे वाकून हातात वजन घेतले की भडकतो. तीच पाटी पोटाशी धरली, तर निम्म्याहून जास्त ओढ वाचते. त्याला काही पैसे पडत नाहीत.

आता दुसऱ्या चुकीबद्दल. एका गृहस्थांची गादी सरकली होती. कुणीतरी त्यांना सांगितले, “मणक्यात गॅप पडली आहे, वाकलात तर कायमचे लुळे व्हाल.” झाले! सात महिने हे खाटेवर. बायको बिचारी गुरांचे, पाण्याचे, शेताचे सगळे बघत होती, आणि शेवटी तिचीच कंबर धरली. माझ्याकडे आले तेव्हा यांच्या मांड्या काठीसारख्या झाल्या होत्या. गादी केव्हाच निवळली होती. आता त्यांना जे दुखत होते ते पडून राहिल्याचे दुखणे होते. पूर्वी डॉक्टर मंडळीही महिना-महिना सक्त विश्रांती सांगत, हे खरे. पण १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकी शहरातल्या नोकरदारांवर एक प्रयोग झाला. पाठ अचानक धरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस झोपवून ठेवले, काहींना व्यायाम दिले, आणि काहींना सांगितले की, सोसेल तेवढी रोजची कामे करत राहा. हे तिसरे लोक सर्वांत लवकर बरे झाले. ही साधी उसण भरल्याची गोष्ट झाली, मोडलेल्या मणक्याला ती जशीच्या तशी लावू नका. पण मोडलेल्या मणक्यालासुद्धा, डॉक्टरांनी परवानगी दिली की, चालते ठेवणेच हिताचे.

आणि त्या “गॅप”चे एक सांगतो. १९९४ साली अमेरिकेत, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ९८ माणसांचे एम.आर.आय. काढून पाहिले. निम्म्याहून अधिक जणांच्या एखाद्या तरी गादीला फुगवटा होता! तेव्हा कागदावर काय लिहिले आहे यावरून घाबरू नका. तुमच्या पायात जोर किती, चालता किती येते, हे डॉक्टरांना तपासू द्या.

व्यायामाकडे वळण्यापूर्वी काही धोक्याच्या खुणा सांगतो, त्या नीट ऐका. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याच्या जागेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, चालताना पंजा जमिनीवर आपटू लागला किंवा चप्पल पायातून कळत नकळत निसटू लागली, तर व्यायाम नाही, शेक नाही, उद्यावर ढकलणे नाही. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जायचे. यात तासांचा हिशेब असतो. रात्री वाढणारे दुखणे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत जाणारे वजन अशी लक्षणे असतील तर तीही नुसती पाठदुखी समजू नका. मणक्याचा क्षय असा येतो, आणि तो औषधाने बरा होतो. साठीच्या पुढच्या आयाबायांचा मणका तर कधी कधी न पडताही, नुसती घागर उचलताना चेपतो. आणि कुणी झाडावरून, गंजीवरून पडले तर त्याला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून नेऊ नका. असे नेताना मी पाहिले आहे. त्याला आहे तसा सरळ ठेवा, १०८ नंबरला फोन करा, आणि हलवायलाच लागले तर फळीवर किंवा दाराच्या झडपेवर आडवा घ्या.

आता व्यायाम. सुरुवात कधी करायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवायचे. मणका मोडला असेल तर नवा फोटो काढून, आणि ऑपरेशन झाले असेल तर ज्यांनी केले त्यांच्या शब्दावर.

पहिला व्यायाम चालण्याचा, आणि त्याला दुसरा पर्याय नाही. सपाट रस्त्यावर सकाळी दहा मिनिटे, संध्याकाळी दहा मिनिटे. नांगरलेल्या रानात ढेकळांतून चालायचे नाही, तिथे पाय मुरगळतो आणि कंबर हिसका खाते. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासावर न्या. तेवढे सुखाने जमले की मग बांधावरून, आणि त्यानंतर चढ-उतारावर.

दुसरा व्यायाम कसा सापडला त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टन शहरात रॉबिन मॅकेन्झी नावाचे आमच्याच धंद्यातले गृहस्थ होते. १९५६ साली त्यांच्याकडे एक रोगी आला. कमरेपासून पायात कळ जायची, तीन आठवडे उपचार करूनही उतार नव्हता. मॅकेन्झींनी त्याला आत जाऊन टेबलावर पालथे झोपायला सांगितले आणि ते दुसऱ्या कामात गुंतले. त्या टेबलाचे डोक्याकडचे टोक आधीच्या रोग्यासाठी वर उचललेले होते. हा गडी तसाच, पाठ मागे वाकलेल्या स्थितीत पडून राहिला. थोड्या वेळाने मॅकेन्झी आले आणि चपापले, कारण त्या काळी अशी स्थिती पाठीला वाईट समजत. विचारले, “कसे वाटते?” तो म्हणाला, “तीन आठवड्यांत इतके बरे वाटले नव्हते. पायातली कळ गेली.” त्यातूनच पुढे त्यांची सारी पद्धत उभी राहिली. आपल्याकडे भुजंगासन करणाऱ्याला यात फारसे नवल वाटणार नाही.

तर, पालथे झोपा. दोन मिनिटे नुसते पडून राहा. मग कोपरांवर टेकून छाती उचला, कंबर आणि ओटीपोट जमिनीलाच राहू द्या. दोन-तीन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. यात एक खूण ध्यानात ठेवा. पायातली कळ वर सरकत कमरेकडे येत असेल तर चांगले लक्षण, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल. उलट ती पोटरीकडे, पंजाकडे उतरू लागली तर तो व्यायाम तिथेच थांबवा. वय झालेल्या काही माणसांना उभे राहिले की पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसले की बरे वाटते. त्यांच्या मणक्यातली वाटच अरुंद झालेली असते. त्यांनी हा व्यायाम करू नये.

तिसरा. उताणे झोपून गुडघे उभे करा, पोट खोकताना जसे घट्ट होते तसे घट्ट करा आणि बूड हळूच वर उचला. मनात पाच अंक मोजा, खाली या. असे आठ-दहा वेळा. बुडाचे स्नायू हेच खरे ओझे उचलणारे स्नायू आहेत, ते थकले म्हणजे काम कमरेवर येते.

चौथा. रांगत्या मुलासारखे हात-गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. सात-आठ अंक मोजून खाली घ्या, मग दुसरी बाजू. कमरेवर पाण्याची वाटी ठेवली आहे असे समजा, ती सांडता कामा नये. घाई केली की सांडलीच. पहिले आठ दिवस नुसता पायच मागे न्या, हात टेकलेलाच ठेवा.

पाचवा व्यायाम काठीचा, आणि शेतकऱ्याला हा सर्वांत उपयोगी. सरळ काठी पाठीमागे उभी धरा. ती डोक्याला, पाठीच्या मध्याला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे थोडे सैल करून बूड मागे न्या आणि पुढे वाका. काठी तीनही जागा सोडता कामा नये. कुठेही सुटली की समजा, तुम्ही खुब्यात न वाकता कमरेत वाकलात. आरशाची गरज नाही, घरातल्या पोराला बघायला सांगा, त्याला चुका काढायला मजा येते. हे अंगवळणी पडले की खांबाला धरून अर्ध्या बैठका सुरू करा.

बरे, हे सगळे वाढवायचे कसे? याला एकच माप आहे, आणि ते म्हणजे दुसऱ्या दिवसाची सकाळ. व्यायाम करताना थोडे दुखेल, ओढ बसेल, त्याला भिऊ नका. पण दुसऱ्या दिवशी उठल्यावर पाठ आदल्या सकाळसारखीच असेल तर प्रमाण बरोबर आहे. आठवडाभर तेच ठेवा, मग वाढवा. सकाळी जास्त आखडली असेल, तर कालचे जास्त झाले, आज निम्म्यावर या. पूर्ण बंद मात्र करू नका. आणि हे माप खरे राहायचे तर दुखण्याची गोळी खाऊन व्यायाम किंवा काम करू नका. गोळीने दुखणे झाकले जाते, इजा झाकली जात नाही. बाजाराच्या दिवशी जाऊन इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि आठवडा ढकलायचा, ही रीत तर सोडाच. मूत्रपिंडे आणि पोट दोन्ही त्यात जातात.

सकाळचा विषय निघाला म्हणून आणखी एक. रात्रभर आडवे पडल्याने गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी उठल्यावर आपण रात्रीपेक्षा एक-दीड सेंटिमीटर उंच असतो, मोजून बघा हवे तर. या फुगलेल्या गादीवर वाकण्याचा ताण फार येतो. म्हणून उठल्यापासून पहिला तासभर पुढे वाकायचे नाही. सकाळी उठल्यावर पुढे वाकणे टाळल्याने जुन्या पाठदुखीवाल्यांचे दुखणे कमी झाल्याचे दिसून आले आहे. आणि आपल्याकडे नेमके काय होते? पहाटे उठल्याउठल्या गोठा. वाकून शेण भरायचे, वाकून धार काढायची. तेव्हा मोठ्या दुखापतीनंतर निदान सहा महिने शेणाची पाटी दुसऱ्या कुणीतरी उचलावी, किंवा ते काम तासाभराने करावे. धार काढायला छोटे स्टूल घ्यावे. आधी अंगणात चार फेऱ्या मारा, चहा घ्या, मग गोठ्यात जा.

आता खऱ्या ओझ्याकडे या. आपल्या घरात वजनांचा संच असतोच. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन्ही हातांत दोन-दोन लिटरचे डबे घेऊन पन्नास पावले चाला. आठवडाभर सकाळचे माप ठीक राहिले की प्रत्येक हातात एक-एक लिटर वाढवा. दोन्ही हातांत सारखे वजन हवे, एका हातात भरलेली बादली आणि दुसरा हात मोकळा असे नको. असे करत दोन महिन्यांत दोन्ही हातांत दहा-दहा लिटरपर्यंत आलात तर उत्तम चालले आहे असे समजा. कुणाला तीन महिने लागतील, त्यात कमीपणा नाही.

शेतकामातली कामेही अशीच पायरीने घ्या. आधी उभ्याने होणारी, मोकळ्या हाताची कामे: पाणी देणे, राखण, भाजी तोडणी. पाणी देताना खोरे मात्र लांब दांड्याचे घ्या. मग चाकाचे हात कोळपे, त्याला वाकावे लागत नाही. खुरपणी त्यानंतर. उकिडवे बसून खुरपायचे तर वीस मिनिटांनी उठून, कमरेवर हात ठेवून जरा मागे झुका. बराच वेळ वाकून बसल्यावर पाठीचे सांधे आणि शिरा ओल्या चामड्यासारख्या सैल पडतात आणि अर्धा तास झाला तरी पुरत्या घट्ट होत नाहीत. म्हणून भगिनींनो, खुरपणीवरून उठून लगेच गवताचा भारा डोक्यावर घेऊ नका. थोडे फिरा, पाणी प्या, आणि भारा दुसरीने उचलून द्यावा. डोक्यावरचे ओझे चालताना तितके घात करत नाही, जमिनीवरून डोक्यावर जाताना करते. कापूस वेचताना पोटाशी बांधलेली ओटी अर्धी भरली की रिकामी करा.

फवारणीचा पाठीवरचा पंप सोळा लिटरचा असतो, पंपाचे वजन धरून वीस किलोच्या वर जातो. तो सहा महिने घेऊ नका, आणि नंतर घ्याल तेव्हा अर्धा भरा नि ओट्यावर ठेवून पाठीला लावा, जमिनीवरून झेलू नका. ट्रॅक्टरबद्दल लोकांचा समज असा की बसून तर चालवायचा आहे. पण बसणे, हादरे आणि मागे वळून फणाकडे बघणे, हे तिन्ही एकदम होते. सुरुवातीला अर्धा तास, मग उतरून चालायचे. इंजिनाला हँडल मारणे तर सर्वांत शेवटी ठेवा. त्यात वाकणे, पिळणे आणि हिसका तिन्ही आहेत, आणि ते काम दुसऱ्याने केले म्हणून आपली पत जात नाही.

तालमीची सवय असलेल्यांना एक प्रश्न हटकून पडतो, सूर्यनमस्कार पुन्हा कधी? औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले, आणि निरोगी माणसाला त्यासारखा व्यायाम नाही, हे मीही मानतो. पण त्यात हात जमिनीला टेकवायला पुढे वाकावे लागते, आणि गादी सरकलेल्या किंवा मणका चेपलेल्या माणसाला तेच घातक. म्हणून ते शेवटी घ्यायचे, सहा महिन्यांच्या पुढे, तेही गुडघे सैल सोडून आणि सकाळी उठल्याबरोबर नव्हे. तोवर हलासन, पश्चिमोत्तानासन आणि पाय दाबून धरून उताण्यावरून उठून बसणे हे तिन्ही बंद. जोर भिंतीला हात टेकून काढता येतात, त्यात लाज कसली?

काही जुन्या रीतींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेतात. नुसता अंगठा लावला तर माझे काही म्हणणे नाही. पण मणका चेपलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी उभे राहिले, तर आधी न झालेली इजा तेव्हा होईल. बिब्बा घातल्याने कातडी भाजते, आतल्या गादीपर्यंत काही पोचत नाही. गरम पाण्याचा शेक मात्र खुशाल घ्या, बरे वाटते. पट्ट्याचेही प्रमाण ठेवा. हाड जुळेपर्यंत तो डॉक्टर सांगतील तसा वापरायचा, पण नंतर पट्टा बांधून गोणी उचलायला गेलात तर पट्टा तुम्हाला वाचवत नाही, नुसता खोटा धीर देतो. झोपायला झोळ पडलेली बाज नको. फळीवर झोपलेच पाहिजे असेही नाही. २००३ साली स्पेनमध्ये तुलना करून पाहिले, तेव्हा फार कडक गादीपेक्षा बेताची घट्ट गादीच बरी ठरली. आणि बिडी. तिच्याने बारीक रक्तवाहिन्या आवळतात, हाड उशिरा जुळते. नाचणी, तीळ, दूध, ताक पोटात जाऊ द्या.

आता त्या पहिल्या गृहस्थांकडे परत येतो. गोणीने दुसऱ्यांदा पाडल्यावर ते माझ्याकडे आले, ते चिडूनच. “वर्ष फुकट गेले,” म्हणाले. मी त्यांना बैलाच्या खांद्याची गोष्ट सांगितली, ती त्यांना पटली. पहिले तीन आठवडे कोपरांवर पालथे पडणे आणि घराभोवती चालणे, एवढेच. पायातली कळ गुडघ्यापर्यंत वर आली, मग मांडीत, मग कमरेत. गणपतीत ते देवळापर्यंत चालत गेले. दसऱ्यानंतर पाण्याचे डबे हातात आले. ज्वारीच्या पेरणीच्या वेळी ते पाभरीमागे चालले नाहीत, बांधावर उभे राहून मुलाला सांगत होते, आणि त्याचा त्यांना फार राग येत होता, हेही सांगितले पाहिजे. एकदा मध्येच हरभऱ्याच्या रानात दिवसभर बसून खुरपले, दुसऱ्या सकाळी पाठ धरली, आठवडाभर मागे गेले. पुन्हा चालण्यापासून सुरुवात केली. होळीच्या सुमाराला ते काढणीला विळा घेऊन उतरले, अर्धा दिवस काम, अर्धा दिवस विश्रांती. म्हणजे दुसऱ्या दुखापतीपासून नऊ महिने.

गोणी मात्र ते आता एकटे उचलत नाहीत. युरियाची गोणी पूर्वी पन्नास किलोची यायची, २०१८ सालापासून ती पंचेचाळीस किलोची झाली, पण दुखावलेल्या पाठीला पंचेचाळीससुद्धा फार झाले. ट्रॉली आली की हे कडेला उभे राहून तिथेच गोणी फोडतात, खत दोन बादल्यांत अर्धे अर्धे भरतात आणि दोन्ही हातांत घेऊन जातात. चार खेपा जास्त होतात. सुरुवातीला शेजारचे हसले. मागच्या मृगात त्या शेजाऱ्याचीच बादली दुसऱ्या बाजूला होती.

तुमच्या घरात कुणाची पाठ दुखावली असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व्यायामोपचाराचा विभाग असतो, तिथे दाखवा. जाताना जुना फोटो, ऑपरेशनचा कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या, आणि आपण रोज कोणकोणती कामे करतो ते सांगा. नुसते “शेती करतो” म्हटल्याने आम्हाला काही कळत नाही. धार काढता की हँडल मारता, ते सांगा.

रामराम.